एक पाटी, चार ओळी : कोठडीत जीव गेलेल्या पोराची आठवण आमच्या वस्तीने कशी ठेवली

ठाणे-बेलापूर रोडने जाताना एमआयडीसीच्या बाजूला ज्या वस्त्या लागतात त्यातल्या एका वस्तीतलं हे प्रकरण आहे. वस्तीचं नाव देत नाही, पोलिस ठाण्याचं देत नाही, पोराचंही देत नाही, कारण केस अजून चालू आहे आणि घरच्यांनी सांगितलंय की नाव आमच्या भिंतीवर आहे तेवढं बास. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर जी अभ्यासिका आहे ती मी गेली बारा वर्षं सांभाळतोय, त्यामुळे यातलं बरंचसं माझ्या डोळ्यासमोर झालं आणि काही चुका माझ्याच हातून झाल्या. दुसरीकडे कोणी असं काही करायला बसलं असेल तर त्यांच्या कामी यावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पोरगा २६ वर्षांचा होता. मूळ जालना जिल्ह्यातला, आईवडील दुष्काळात इकडे आले ते इथलेच झाले, वडील नंतर वारले. तो एका गोडाऊनला टेम्पो भरायचं-उतरवायचं काम करायचा, रोजावर. घरात आई, बायको, तीन वर्षांची मुलगी. २०२२ च्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला साध्या कपड्यातले तिघं आले, कंपनीतली तांब्याची केबल चोरीला गेलीय, चौकशी करायचीय, सकाळी सोडतो म्हणाले. कागद दिला नाही, घरच्या कोणाची सही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की तब्येत बिघडलीय, हॉस्पिटलला या. हे लोक पोचले तेव्हा तो गेलेला होता. पोस्टमॉर्टेम जेजेला झालं, कॅमेऱ्यासमोर, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागली, तपास सीआयडीकडे गेला. अंगावरच्या खुणांबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते कोर्टात आहे, आणि त्याची आई हे कोणाकडून तरी वाचून घेणार आहे.

फ्लेक्स

तिसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली, मधे त्याचा लग्नातला फोटो कापून लावलेला, फेट्यासकट, आणि खाली शोकाकुल म्हणून चौदा जणांचे चेहरे. दोन पक्षांचे लोक, एक माजी नगरसेवक, बाकी त्यांच्यामागे फिरणारी पोरं. मी मोजले होते म्हणून आकडा लक्षात आहे. त्याच्या आईने लांबून बघितलं आणि मला विचारलं, दादा, ह्यातला माझा कुठला? तिला कमी दिसतं हे खरं, पण फ्लेक्सवर तिच्या लेकापेक्षा दुसऱ्यांचे फोटो मोठे होते हेही खरंच होतं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे शोकविधीच्या, आधीच महापालिकेची गाडी आली आणि विनापरवाना म्हणून फ्लेक्स उतरवून घेऊन गेली, तो गाडीत टाकताना दुमडला गेला आणि ते बघून बायका रडायला लागल्या, म्हणजे माणूस दुसऱ्यांदा नेला असं झालं.

त्या महिन्यात आमची सगळी ताकद यातच गेली. फ्लेक्स परत लावायचा, सभेला कोणाला बोलवायचं, कॅंडल मार्च कुठून कुठे न्यायचा, परमिशन मिळते का. हे मी मुद्दाम सांगतोय कारण याच महिन्यात जे करायला पाहिजे होतं ते आम्ही केलं नाही. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीरसिंग सैनीच्या केसमध्ये सांगितलंय की प्रत्येक पोलिस ठाण्यात सीसीटीव्ही पाहिजे, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, आत-बाहेर जायच्या दारावर, आणि रेकॉर्डिंग शक्यतो १८ महिने, कमीत कमी एक वर्ष ठेवायचं. फुटेज जपून ठेवा, पुसू नका असा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यायला पाहिजे होता. आम्ही तो पाचव्या महिन्यात दिला. उत्तर आलं की त्या काळात त्या बाजूचा कॅमेरा नादुरुस्त होता. लवकर अर्ज केला असता तर फुटेज मिळालं असतंच असं मी म्हणत नाही, पण मग "नादुरुस्त" हे त्यांना पाचव्या दिवशी लिहून द्यावं लागलं असतं आणि पाचव्या दिवशी कॅमेरा तपासता आला असता. ही गोष्ट मला आजही खाते. मला अर्ज लिहिता येतो, मी पोरांना अर्ज लिहायला शिकवतो, आणि मी तेव्हा फ्लेक्सच्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसलो होतो.

जागा कोणाची

दिवाळीनंतर पोरांच्या डोक्यात आलं की कायमचं काहीतरी करायचं. नाक्यावर जिथे तो सकाळी टेम्पोची वाट बघत उभा राहायचा तिथे एक छोटा कट्टा, वर काळा दगड, त्यावर नाव. वर्गणी सुरू पण झाली, गोडाऊनच्या हमालांनी एका दिवसाची मजुरी दिली. वकीलताईंनी, ज्या घरच्यांची केस बघतात, थांबवलं. १८ जानेवारी २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर पुतळा किंवा कसलंही बांधकाम करायला परवानगी देऊ नका. म्हणजे कट्टा बांधला असता तर तो पाडायला कायद्याने आले असते आणि आपल्याला बोलायला तोंड राहिलं नसतं.

मग ताईंनीच तामिळनाडूतलं उदाहरण सांगितलं. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी, ८४ वर्षांचे, पार्किन्सन्स झालेले, आपल्या इथेच तळोजा जेलमध्ये होते आणि ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये कोठडीत असतानाच गेले. तिकडे धर्मपुरी जिल्ह्यात एकाने स्वतःच्या जमिनीत त्यांच्या नावाचा दगडी खांब उभा करायचं ठरवलं, तहसीलदाराने नोटीस देऊन अडवलं, तर तो मद्रास हायकोर्टात गेला, स्वतःच्या जागेत माणूस असा खांब उभारू शकतो म्हणून. (कोर्टाने ती नोटीस रद्द केली ते नंतर.) पोरं एकदम खूश. मग एकाने विचारलं, आपली स्वतःची जागा कुठली?

तिथे सगळे गप्प झाले. वस्ती एमआयडीसीच्या जमिनीवर. ज्याच्या त्याच्या नावावर लाईट बिल आहे, कोणाकोणाकडे झोपडीचा फोटोपास आहे, सातबारा कोणाचाच नाही. विहारसुद्धा त्याच जमिनीवर. हायकोर्टाने दिलेला हक्क ज्याच्याकडे जमीन आहे त्याला, आणि कोठडीत मरतात ती पोरं बहुतेक वेळा बिनजमिनीच्या घरातली असतात. इंग्लंडमध्ये ब्रिक्स्टन पोलिस स्टेशनच्या बाहेर एक झाड आहे, २००८ साली तिथल्या पोलिसांच्या ताब्यात वारलेल्या शॉन रिगचे आणि त्याच्या आधी गेलेल्यांचे फोटो, फुलं तिथली लोकं त्या झाडाला बांधतात, तोही फोटो ताईंनी दाखवला. पोरं कितीतरी वेळ बघत होती. पोलिस स्टेशनच्या दारात? आणि काढत नाहीत? आमच्याकडे तसं करायचं धाडस कोणाला झालं नाही आणि मी पण करा म्हणालो नाही, ज्यांना रोज त्याच दारावरून कामाला जायचंय त्यांना मी कसं सांगणार.

शेवटी जागा उरली ती विहाराची. आणि तिथेच खरं भांडण झालं.

"विहारात चोराचा फोटो लावणार का?"

हे वाक्य कमिटीतल्या एका काकांचं. माणूस वाईट नाही, विहाराच्या भिंती त्यांनी स्वतः डोक्यावर विटा वाहून उभ्या केल्यात. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आपण वर पोरांना अभ्यासाला बसवतो, बाबासाहेबांच्या फोटोखाली, तिथे ज्याच्यावर चोरीचा आळ होता त्याचा फोटो लावला तर पोरांनी काय घ्यायचं. दुसरी भीती त्यांनी बोलून दाखवली नाही पण सगळ्यांना माहिती होती, पोलिसांच्या डोळ्यावर आलो तर उद्या विहारालाच अनधिकृत बांधकामाची नोटीस येईल.

आमच्या बाजूची पोरं तावातावाने म्हणायला लागली की तो चोर नव्हता, त्याने केबल चोरली नव्हती, आम्ही सिद्ध करू. मी पण तेच बोललो. आणि मीटिंगमध्ये मागे बसलेली त्याची बायको, जी तोपर्यंत एकाही मीटिंगमध्ये बोलली नव्हती, उभी राहिली आणि म्हणाली, "आन् चोरली असंल तर? तर मारून टाकायचं व्हय?"

मला हे लिहिताना पण तो क्षण आठवतो. आम्ही सगळे तिच्या नवऱ्याला चांगला ठरवायला निघालो होतो, म्हणजे तो चांगला ठरला तरच त्याची आठवण ठेवायची असं आम्हीही मान्यच केलं होतं, काकांच्या आणि आमच्या म्हणण्यात फक्त निकालाचा फरक होता. आणि तिने तो आधारच काढून घेतला. चोरीला कायदा आहे, कोर्ट आहे, शिक्षा आहे. ताब्यात घेतलेल्या माणसाचा जीव ही ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी, मग तो माणूस कोणीही असो. निलाबती बेहरा नावाच्या ओरिसातल्या आईने एवढंच सुप्रीम कोर्टाला विचारलं होतं, तिचाही मुलगा चोरीच्याच संशयावरून पोलिसांनी नेलेला, आणि १९९३ मध्ये कोर्टाने सरकारला दीड लाख भरपाई द्यायला लावली होती. तो चोर होता की नव्हता यावर ती भरपाई ठरली नव्हती.

हाच वाद पुढे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत आला, जास्त कडवट होऊन. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या केसमधला आरोपी २३ सप्टेंबरला तळोजा जेलमधून नेताना मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. लोकांनी पेढे वाटले, त्याला पुरायला जागा मिळेना, शेवटी उल्हासनगरला दफन झालं तेही बंदोबस्तात. तेव्हा ग्रुपवर एकाने लिहिलं, आता याची पण पाटी लावा विहारात. मला खूप राग आला होता पण उत्तर द्यायला वेळ लागला. माझं म्हणणं असं आहे की पाटी लावायची की नाही हा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, ती ज्याची त्याची माणसं ठरवतील, आणि त्या दोन चिमुरड्यांचं दुःख बघता मी स्वतः असली पाटी लावायला जाणार नाही. पण तो कसा मेला हे विचारणं हा जिव्हाळ्याचा प्रश्नच नाही, ते प्रत्येकाच्या बाबतीत विचारावंच लागतं. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात पाच पोलिसांना जबाबदार धरलं गेलं. आणि त्या मुलींना कोर्टात जो न्याय मिळायला हवा होता, आरोपी उभा राहील, पुरावा येईल, शिक्षा होईल, तो त्यांना त्या आरोपीपुरता आता कधीच मिळणार नाही, हे पेढे वाटणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही.

असो, काकांवर येतो. बायको बोलल्यावर ते काही बोलले नाहीत. दोन आठवड्यांनी मला जिन्यात गाठून म्हणाले, पाटी लावा, पण खाली विहारात नको, वर अभ्यासिकेच्या आतल्या भिंतीला, दाराच्या मागच्या. मी हो म्हणालो.

चार ओळी

२०२३ च्या जानेवारीत आम्ही अकरा जण उरण तालुक्यातल्या जासईला गेलो होतो. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या जमिनीसाठी जे आंदोलन झालं त्यात दास्तान फाटा आणि नवघरला पोलिस गोळीबारात पाच शेतकरी गेले, धुतुम, चिर्ले, पागोटे या गावांचे. साडेबारा टक्के विकसित जमिनीचं धोरण त्या आंदोलनातून आलं. ज्या शहरात आम्ही मराठवाड्यातून येऊन राहिलो ते शहर त्यांच्या शेतांवर उभं आहे, आणि आमच्यातल्या अर्ध्या पोरांना हे तोपर्यंत माहीतच नव्हतं. दरवर्षी तिथे त्या तारखेला लोक जमतात. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांशी बोलत उभे राहिलो, आमचं काय चाललंय ते सांगितलं, त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "पोर्‍याचा गाव कुठला?" जालन्याकडचा म्हणालो. "मग गाव लावा. गावाशिवाय मानूस कोनाचा ते कलत नाय." आम्ही लिहिलेल्या मजकुरात गाव नव्हतं. नवी मुंबई एवढंच होतं.

तिथून आल्यावर पोरांना वाटायला लागलं की आपणही "हुतात्मा" लिहावं. शहीद, वीर, अन्यायाचा बळी असे सगळे शब्द वहीत लिहून झाले होते. ठाण्याच्या जेलमध्ये १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली, त्याआधी २ मे १८४८ ला राघोजी भांगरे यांना, आज आपण त्यांना हुतात्मा म्हणतो, त्या वेळचं सरकार त्यांना गुन्हेगारच म्हणत होतं, असा एकाचा मुद्दा होता आणि मुद्दा चुकीचा नाही. चिरनेरला १९३० च्या जंगल सत्याग्रहात ज्यांना पोलिसांनी गोळ्या घातल्या त्यांना आज दर २५ सप्टेंबरला शासकीय मानवंदना मिळते. पण बायकोने परत नको म्हटलं. "ते लढाया गेलते. हा कामावरून आला व्हता. जेवून झोपणार व्हता. शहीद नगा लिहू, लोकं म्हणतील कायतरी केलंच असंल."

मग वकीलताईंनी नियम घालून दिला, जे सरकारी कागदावर आहे तेवढंच लिहा, एक शब्द जास्त नको, एक शब्द कमी नको. कोणी मारलं हे लिहिलं तर बदनामीची केस येईल आणि चालू खटल्यालाही धक्का लागेल. "कोठडीत मृत्यू" लिहिलं तर ते म्हणतील अटकच दाखवली नव्हती, कोठडी कुठली. हे खरंच होतं, अटकेची नोंद नव्हती. हॉस्पिटलच्या कागदावर मात्र "पोलिसांनी आणले" असं लिहिलेलं होतं. त्यावरून शब्द निघाला, ताब्यात असताना. आईला सुरुवातीला तो फार मऊ वाटला, माझ्या लेकराला मारलं आन् तुम्ही नुसतं ताब्यात लिहिता. मी तिला दोन-तीन वेळा समजावलं, मावशी, हा शब्द त्यांना खोडता येणार नाही. शेवटी ती म्हणाली, खोडता येणार नसंल तर लिव्हा.

काळ्या ग्रॅनाइटची पाटी, दीड फूट बाय एक फूट. पहिली ओळ नाव. दुसरी वय २६, गाव, तालुका, जिल्हा. तिसरी तारीख. चौथी, पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू. अक्षरं कोरणाऱ्या माणसाने चौथी ओळ वाचून हात थांबवला होता, मग विचारलं की पैसे आधी देता का. दिले. नंतर त्याने अक्षरांत भरायच्या पांढऱ्या रंगाचे पैसे घेतले नाहीत.

हजेरी कार्ड

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आठवण आणि पुरावा हे बऱ्याचदा एकाच वस्तूत असतात आणि दोन्ही सांभाळायची पद्धत वेगळी असते.

रोजावरच्या माणसाकडे स्वतःचं हजेरी कार्ड असतं. पिवळा जाड कागद, एक ते एकतीस चौकोन, रोज संध्याकाळी मुकादम त्यात सही मारतो आणि ओव्हरटाईम असेल तर बाजूला तास लिहितो. याचं कार्ड त्याच्या बायकोला पॅंटच्या खिशात सापडलं, धुवायला टाकलेल्या, म्हणजे नशीब की ती पॅंट घालून तो गेला नव्हता. तेरा चौकोन भरलेले, तेराव्यात सही आणि बाजूला "ओटी २". पुढचे अठरा कोरे. बघितलं की पोटात कालवतं. पहिल्या स्मृतिदिनाला जे छोटं प्रदर्शन लावायचं ठरलं त्यात पोरांना हे कार्ड मधोमध लावायचं होतं आणि पावसाची हवा म्हणून एका पोराने ते नेऊन लॅमिनेट करून आणलं. मूळ कार्ड.

वकीलताई आल्या, बघितलं आणि खुर्चीवर बसल्या. ओटी २ म्हणजे त्या दिवशी तो संध्याकाळी आठपर्यंत गोडाऊनला होता, आणि केबल गेल्याची वेळ तक्रारीत सातची. सगळ्या केसमध्ये एवढा सरळ कागद दुसरा नव्हता. आता समोरचा वकील म्हणणार की हे प्लास्टिकमध्ये का घातलं, शाई तपासायची कशी, नंतर लिहिलं नाही कशावरून. ज्या पोराने केलं तो रडायलाच लागला, त्याने प्रेमाने केलं होतं, स्वतःचे वीस रुपये घालून. पुढे मुकादमाचा जबाब झाला आणि त्याने सही आपलीच असल्याचं सांगितलं म्हणून बरंचसं निभावलं, पण ती भीती वर्षभर होती.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली जी मी सगळ्यांना सांगतो. घरात जे काही आहे, कार्ड, फोन, कपडे, चिठ्ठ्या, औषधाची पावती, ते आधी वकिलाला दाखवायचं, फोटो काढायचा, मूळ वस्तू कागदी पाकिटात, कोणी कधी कुठून काढली ते वर लिहून, आणि प्रदर्शनात फक्त झेरॉक्स. झेरॉक्स बघूनही लोक रडतात, मूळच लागतं असं नाही.

स्मृतिदिन

पहिल्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी तिघांना पोलिसांकडून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची नोटीस आली, कायदा-सुव्यवस्था बिघडल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल. आता नवीन कायद्यात तिचं कलम १६८ झालंय, भाषा तीच. पोरं घाबरली, दोघांच्या घरच्यांनी त्यांना गावाला पाठवून दिलं, आणि मी त्यात कोणाला दोष देत नाही. आम्ही मार्च रद्द केला आणि कार्यक्रम अभ्यासिकेतच घेतला, बंद खोलीत, साठ-सत्तर लोक दाटीवाटीने, जिन्यापर्यंत. पंचशील झालं, पाटीवरचा कपडा आईने काढला, नाव वाचलं.

एका पोरीने संसदेत दिलेला आकडा वाचून दाखवला, १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत देशात पोलिस कोठडीत ६६९ मृत्यू, सगळ्यात जास्त गुजरातमध्ये ८०, त्याखालोखाल आपल्या महाराष्ट्रात ७६. आई पुढेच बसलेली. तिने विचारलं, "ह्याच्यात माझं लेकरू हाय का?" पोरगी गोंधळली. मी म्हणालो नाही मावशी, तो त्याच्यानंतर गेला, या आकड्यात नाही. ती म्हणाली, "मंग ह्यो आकडा जुना झाला."

भाषणं त्या वर्षीच कमी केली. त्याऐवजी डी. के. बसूंच्या निकालातले अकरा नियम मोठ्याने वाचतो, एकेक जण एकेक नियम. बसूंनी १९८६ मध्ये पेपरात आलेल्या कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं, त्याचा निकाल १९९६ च्या डिसेंबरमध्ये आला. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा कागद जागेवर बनवून घरच्या किंवा वस्तीतल्या माणसाची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचं, दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी. मग दोन पोरं समोर येऊन तो कागद भरून दाखवतात, एक पोलिस होतो, एक घरचा. काही बायकांनी तो कोरा नमुना घरात रेशनकार्डाबरोबर ठेवलाय. मागच्या वर्षी एका रात्री एकाला न्यायला आले तेव्हा त्याच्या बहिणीने दारात कागद मागितला, आलेला माणूस चिडला, पण थांबला, फोन केला, आणि पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी आईबरोबर यायला सांगून गेला. तो पोरगा आज कामावर जातोय.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना वारला आणि आमच्या वस्तीतले लोक, ज्यांची अर्धी सोयरीक तिकडची, आतून हलले. सोमनाथच्या आई विजयाबाई कोर्टात गेल्या, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, ३० जुलैला सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला आम्ही त्याचंही नाव वाचलं, आणि ख्वाजा युनूसचं, तोही परभणीचाच, घाटकोपर स्फोटाच्या केसमध्ये उचललेला इंजिनियर, २००३ च्या जानेवारीत कोठडीतून गेला तो गेलाच, शरीरसुद्धा घरी आलं नाही. आईने ते ऐकून शेजारणीला हळूच सांगितलं, आपल्याला निदान माती तरी देता आली.

फोटो

पाटीच्या बाजूला सुरुवातीला फोटो होता. लग्नातला नाही, आधार कार्डासाठी काढलेला, सरळ बघणारा. २०२५ च्या जूनमध्ये मुलगी पहिलीत गेली आणि संध्याकाळी अभ्यासिकेत यायला लागली, सगळ्या वस्तीची पोरं येतात तशी. महिनाभराने त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, दादा, फोटो काढा. पोरं तिला विचारतात तुझ्या पप्पाला पोलिसांनी का मारलं, ती पाटी फिरवून बसते, म्हणजे दप्तरातली पाटी आडवी धरून, फोटो दिसू नये म्हणून. ते मी पण बघितलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

आईला हे अजिबात पटलं नाही. तिचं एकच म्हणणं, भिंतीवरून काढला की गेला. सासू-सुनेत बोलणं बंद झालं आठ दिवस. कार्यकर्ते म्हणायला लागले फोटो आंदोलनाचा आहे, आता तो एका घरचा राहिला नाही. या वाक्याला मी सगळ्यात जास्त विरोध केला. फ्लेक्सवर चौदा चेहऱ्यांनी हेच केलं होतं. ज्या पोरीला रोज त्या खोलीत बसून अ आ इ गिरवायचंय तिच्या आईने नाही म्हटलं की विषय संपला. मी आईच्या घरी जाऊन बसलो, दोनदा जेवलो, आणि शेवटी तिनेच मार्ग काढला. फोटो माझ्याकडं राहील. त्या दिवशी मी घेऊन येईन, मी घेऊन जाईन.

पाटी तिथेच आहे, दाराच्या मागे. दार बंद केलं की दिसते, उघडं असलं की झाकली जाते, आणि संध्याकाळी सहा ते दहा पोरांच्या येण्याजाण्याने दार उघडंच असतं.

या वर्षी त्याची आई फोटो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आली. जिना चढताना कोणाला हात लावू दिला नाही. खुर्चीवर ठेवला, हार घातला, अकरा नियम झाले, नात पुढच्या रांगेत वहिनींच्या मांडीवर बसली होती आणि या वेळी बघत होती. सगळे गेल्यावर मावशीने हार काढला, काचेवरची पाकळी पदराने पुसली, फोटो परत गुंडाळला, आणि मला म्हणाली ती खुर्ची जागेवर ठेव, पोरांचा उद्या पेपर हाय.